शनिवार-रविवार कुठे जातात

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, वकिली सांभाळायची सोडून सुट्टीच्या दिवशी त्या पोरांमागे का धावतेस, असं तू विचारलंस. फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

पर्यावरणाचे खटले चालतात त्या पुण्याच्या हरित लवादात दाद मागायला गावकरी माझ्याकडे येतात तोवर बहुतेक वेळा डोंगर फोडून झालेला असतो. मी विचारते, प्रकल्पाला मंजुरी देण्याआधीच्या जनसुनावणीत लेखी हरकत दिली होती का? सभा गाजवलेली असते, घोषणा दिलेल्या असतात. कागद मात्र नसतो. केंद्र सरकारच्या २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार सुनावणीची सूचना निदान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात यावी लागते, प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत मिळावा लागतो, आणि शेवटी लोक काय बोलले ते त्यांच्यासमोर वाचून दाखवावं लागतं. हे गावाला कुणी सांगतच नाही. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. विषय आला, पण हरकत कशी लिहायची हे आमच्या पोरांना कुठल्याच वर्गात शिकायला मिळालं नाही.

म्हणून सुट्टीच्या वर्गात आम्ही या पोरांची खोटी सुनावणी भरवतो. एक जण जिल्हाधिकारी होतो, दोघं कंपनीचे. परवा एक मुलगी नदीबद्दल इतकं पोटतिडकीने बोलली की सगळे गप्प झाले. मी तिला म्हटलं, आता यातलं नोंदवून काय घ्यायचं ते लिही. बराच वेळ खोडाखोड करून तिने लिहिलं, ‘आमच्या वाडीची पिण्याची विहीर अहवालात दाखवलेली नाही.’ अशा हरकतीची दखल अंतिम अहवालात घ्यावीच लागते. बाबा, त्या एका ओळीसाठी मी कितीही रविवार देईन.

आता तुमच्याकडे मागणं. या पोरांना सातबारा वाचता येत नाही. अहवालात ‘पडीक’ लिहिलेल्या जमिनीत कलमी झाडं उभी असतात आणि पीकपाहणीत त्यांची नोंदही असते. तलाठी म्हणून तुम्ही जन्मभर हेच कागद हाताळलेत. पुढच्या महिन्यात चिपळूणच्या वर्गाला याल का? गावनकाशा आणि फेरफारही दाखवा. आई, तूही ये. एसटीने येऊ नका, बाबांचा गुडघा दुखेल. मी गाडी घेऊन येते. तारीख तुम्हीच कळवा.

तुमची,
मनू