अंबाळ्याचा काठ चालणाऱ्यांसाठी राहू द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझं माहेर रामटेकचं. लग्न होऊन नागपूरला आले त्याला ४३ वर्षं झाली. शाळेत भूगोल शिकवला, निवृत्त होऊनही आता नऊ वर्षं होतील. रोज सकाळी आम्ही सात जण नागपुरातल्या अंबाझरी तलावाकडे फिरायला जातो. सातांपैकी दोघांचे गुडघे बदललेले, एकीला दमा, आणि चढ लागला की मला दर चाळीस-पन्नास पायऱ्यांनी टेकावं लागतं. चालायची हौस मात्र सगळ्यांना आहे. एकदा गटातली मैत्रीण म्हणाली, "ताई, त्याच त्या सिमेंटच्या पट्ट्यावरून किती दिवस फिरायचं? पायाखाली माती लागेल असं कुठं आहे का?" माझ्या तोंडून लगेच निघालं, अंबाळा, आमच्या रामटेकचा तलाव.

माघातल्या एका मंगळवारी गणेशपेठहून सकाळची एसटी धरली. कामठी, कन्हान, मनसर, आणि तिथून उजवीकडे वळलं की रामटेक. अंतर ५० किलोमीटरच्या आसपास. बायकांना अर्धं तिकीट, आमच्यातल्या ७७ वर्षांच्या काकांना तर प्रवास फुकट. स्टँडवरून ऑटोनं डोंगराला वळसा घालून अंबाळ्याला उतरलो तेव्हा पाण्यावरचं धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं.

नागपूरकरांचं रामटेक म्हणजे गाडीनं गडावर जायचं, रामलक्ष्मणाचं दर्शन घ्यायचं, कालिदास स्मारक बघायचं, खिंडसीला बोटीत बसायचं आणि दिवेलागणीला घरी. ह्यात वाईट काही नाही. पण डोंगराच्या कुशीतला हा तलाव, त्याचे दगडी घाट, काठानं ओळीनं उभी असलेली लहानलहान देवळं आणि मागं झाडीत शिरणारी पायवाट ह्यांच्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. श्राद्धाला, अस्थी विसर्जनाला लोक येतात, विधी आटोपला की निघून जातात. माझी आजी सांगायची की अंब नावाच्या राजाचा कोड ह्या पाण्यात अंघोळ करून गेला, म्हणून हा अंबाळा. आम्हा मुलांना ती आधी इथं हातपाय धुवायला लावायची आणि मगच जुन्या पायऱ्यांनी गडावर न्यायची. कार्तिकात त्रिपुरीच्या जत्रेला आलो की येताना ओंजळभर उकडलेले शिंगाडे मिळायचे. त्यांची काळी टरफलं बोटांना रंग लावायची, तो दोन दिवस जायचा नाही.

त्या दिवशी आम्ही घाटापासून सुरुवात केली. पाण्यात बुडालेल्या खुंटावर एक पाणकावळा पंख पसरून वाळवत बसला होता. धोबी पक्षी शेपटी हलवत पायरीपायरीनं आमच्या पुढं पळत होते. घाटाच्या दगडांकडे मी मुद्दाम वाकून पाहिलं. प्रत्येक पायरी मधोमध बशीसारखी झिजलेली आहे आणि कडेला मात्र टाकीचे घाव अजून दिसतात. जिथं लाखो पावलं पडली तिथं दगड गुळगुळीत, जिथं कोणी चालत नाही तिथं खरबरीत. सत्तरीच्या घरातल्या माणसानं पाय कुठं टाकावा हे त्या दगडावरच लिहिलेलं आहे.

घाट संपला की काठानं मातीची वाट लागते. तिला चढ जवळजवळ नाहीच. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला बोरी, सीताफळी, पळस, मग पुढं उंच झाडं. साग त्या दिवसांत निम्मा उघडा झालेला असतो आणि त्याची पानं पायाखाली पापडासारखी मोडतात. गुडघे बदललेल्या आमच्या काकूंनी काठी बगलेत घेतली आणि म्हणाल्या, "इथं दुखत नाही गं." सिमेंटवर पाय आपटतो, मातीत तो किंचित रुततो, एवढाच फरक. पण तो तासभराच्या चालण्यात गुडघ्याला कळतो. बोरं वेचत, थांबत, बसत आम्ही सव्वा तास चाललो आणि कोणालाही धाप लागली नाही. गड चढलाच पाहिजे असंही काही नाही. जुन्या पायऱ्यांची वाट सुरू होते तिथं सावलीत बसावं, वर चढणाऱ्यांना नमस्कार करावा आणि परत फिरावं. ज्यांचे पाय धडधाकट आहेत त्यांनी मात्र वर जाऊन वाकाटकांच्या काळातली, पाचव्या शतकातली नृसिंहाची दोन्ही देवळं जरूर पाहावीत. वानरांसमोर प्रसादाची पिशवी हातात धरू नये, एवढंच.

खिंडसीबद्दलही कोणी विचारेल म्हणून सांगते. सूर नदी अडवून केलेलं ते पाणी मोठं आणि देखणं आहे, पण सावली कमी. डोळ्यांसाठी खिंडसी, पायांसाठी अंबाळा.

आता जे खटकलं ते. परतताना मी घाटाच्या अगदी खालच्या पायरीवर पाणी हाती घ्यायला उतरले. तिथं शेवाळ होतं, त्यावर तेलाचा तवंग आणि निर्माल्याचा चिखल. पाय सरकला. हातावर पडले, मनगट मुरगळलं. चहाच्या टपरीवरच्या मावशींनी धावत येऊन हळद गरम करून लावली आणि आपला पदर फाडून पट्टी बांधली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण धरायला एक साखळी असती, खालच्या दोन पायऱ्या आठवड्यातून एकदा घासल्या असत्या, तर हे झालं नसतं. आमच्या दमेकरी मैत्रिणीला तर सकाळी आठ वाजता स्वच्छतागृहासाठी ओळख ना पाळख अशा एका घराचं दार वाजवावं लागलं. घरच्या सूनबाईंनी आनंदानं आत घेतलं, चहाही विचारला. पण बाहेरगावाहून येणाऱ्या बाईला कोणाच्या तरी चांगुलपणावर विसंबून राहावं लागू नये.

पुढच्या आठवड्यात मी हात गळ्यात अडकवून एका कार्यालयात गेले. काठच्या वाटेचा नकाशा आहे का, तिची देखभाल कोणाकडे आहे, एवढंच विचारायचं होतं. तिथले गृहस्थ आदरानं बोलले, खुर्ची दिली. पण म्हणाले, "बाई, गाडी पार गडापर्यंत जाऊन राहिली ना आता. पायी कोण येते तिथं?" मला त्याचं फार वाईट वाटलं. पायी येणारे कमी झाले आहेत, कारण पायी येणाऱ्याचा विचारच कोणी केलेला नाही. आणि विचार होतो तेव्हा तो पेव्हर ब्लॉक, दिव्यांचे खांब आणि पार्किंग इथूनच सुरू होतो, ही मला जास्त भीती आहे.

भूगोल शिकवणारी म्हणून एक गोष्ट कळकळीनं सांगते. ह्या तलावात डोंगरउतारावरचं पावसाचं पाणी येतं. उतारावर झाडं आणि पालापाचोळा असेल तर ते मुरत, गाळून, सावकाश येतं. काठ फरसबंद केला तर तेच पाणी एकदम येतं आणि सोबत माती आणतं. तलाव उथळ होतो, घाटाखाली गाळ साचतो, त्यावर शेवाळ. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून आमच्या बाजूच्या वस्त्यांत पाणी शिरलं, ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. तेव्हापासून कोणत्याही तलावाच्या काठाला सिमेंट लागताना दिसलं की पोटात गोळा येतो.

म्हणून मागणी लहान आहे. वाट मातीचीच राहू द्या, फक्त पावसाळ्यानंतर पडलेल्या घळी मुरूम टाकून बुजवा आणि काटेरी फांद्या छाटा. वाटेत चार-पाच ठिकाणी पाठ टेकता येईल अशी दगडी बसायची जागा करा, आणि तिचं तोंड पाण्याकडे असू द्या. वाट फुटते तिथं मराठीत पाटी लावा. काठानं किती पावलं, चढ आहे की सपाट, गडापर्यंत पायऱ्या किती, मध्ये पाणी कुठं, हे त्यावर हवं. नुसत्या बाणाचा म्हाताऱ्या माणसाला उपयोग नाही. त्याला परत फिरायचं कुठून हे आधी कळावं लागतं. निर्माल्यासाठी घाटावर कुंड हवं, बायकांसाठी सकाळी सहापासून उघडं राहणारं स्वच्छतागृह हवं. गाड्या गावाच्या अलीकडेच थांबू द्या. काठावर कर्णे नकोत, रंगीत दिवेही नकोत. पाणकावळ्याला आणि आम्हाला दोघांनाही ते सोसत नाही.

गावातल्या लोकांनाही ह्यातून दोन पैसे मिळतील. टपरीवरच्या मावशींकडे आम्ही सात जणांनी दोनदा चहा, पोहे घेतले आणि निघताना पानही लावून घेतलं. रामटेकचं पान एके काळी दूरदूर जायचं, माझ्या लहानपणी पायथ्याला पानमळ्यांचा गारवा लागायचा. चालणारा माणूस थांबतो, बसतो, खातो, बोलतो. गाडीतला थेट वर जातो आणि थेट खाली येतो.

पाट्यांचा मजकूर मी स्वतः लिहून देईन, त्याचं काही मानधन नको. आमच्यातले एक काका महसूल खात्यात मोजणीचं काम करून निवृत्त झाले आहेत, ते अंतर मोजून देणार आहेत. माझं मनगट आता बरं आहे. चैत्राचं ऊन तापायच्या आत आम्ही सातही जण पुन्हा अंबाळ्याला जाणार आहोत. काठाची पावलं आणि गडाच्या पायऱ्या मोजून होतील, तो कागद आपल्या दैनिकाकडे पाठवते. जबाबदार अधिकाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे हे काम येतं त्यांनी तो मागून घ्यावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
त्रिमूर्तीनगर, नागपूर