स्थानक ठेवा, आगार हलवा : पालकमंत्र्यांना खुले पत्र

मा. पालकमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

नगरपरिषदेच्या फलकावर गेल्या आठवड्यात एक नोटीस लागली, तीही घरपट्टीच्या थकबाकीदारांच्या यादीखाली अर्धी झाकलेली. एसटी स्थानक बाजार चौकातून उचलून बायपासच्या फाट्यावर नेणार, हरकती पंधरा दिवसांत द्या. रिकाम्या होणाऱ्या जागेवर तीन मजली व्यापारी संकुल. अंतर चार किलोमीटर. याच चौकात, याच स्थानकाकडे पाठ करून उभ्या केलेल्या मंचावरून आपण सांगितले होते की बायपासला ट्रक टर्मिनल होईल आणि जड वाहने गावात दिसणार नाहीत. टाळ्या आम्हीच वाजवल्या होत्या, त्याची तक्रार नाही. पण बाहेर जायचे होते ट्रकांनी, आणि बाहेर निघाली आहेत माणसे.

एसटीचे स्थानक आणि एसटीचे आगार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या सल्लागार कंपनीला कुणी सांगितलेले दिसत नाही. आगार म्हणजे डिझेल पंप, गाड्या धुण्याचा रॅम्प, वर्कशॉपचे खड्डे, टायरची खोली आणि रात्री ओळीने उभ्या राहणाऱ्या गाड्या. त्याला एकर लागतात. स्थानक म्हणजे फलाट, चौकशीची खिडकी, पिण्याचे पाणी आणि चालू अवस्थेतली मुतारी. आमच्याकडे दोन्ही एकाच आवारात आहे. जागा खातो तो आगार, आणि गर्दीचे नाव मात्र स्थानकाचे होते. आगार खुशाल बायपासला न्या. बारा मीटरच्या गाडीला एका दमात वळायला साधारण २५ मीटर व्यासाचे मोकळे वर्तुळ पुरते. तेवढे राखून आठ-दहा तिरपे फलाट आजच्याच आवारात आरामात बसतात. अट एकच, गाडी फलाटावर सुटण्याच्या वेळेआधी दहा मिनिटेच लागेल, तोवर आगारात थांबेल. आज दुपारी दोनची गाडी साडेबारापासून फलाट अडवून उभी असते, म्हणून मागची गाडी रस्त्यावर थांबते, म्हणून चौक तुंबतो. मग आपले साहेब लोक येऊन म्हणतात, स्थानकामुळे कोंडी होते.

हिशेब करू. आगार चार किलोमीटरवर गेला तर प्रत्येक गाडीला सकाळी येताना आणि रात्री जाताना मिळून आठ रिकामे किलोमीटर पडतील. ४० गाड्या धरा, ३२० किलोमीटर. लिटरला साडेचार किलोमीटर धरले तर सत्तरएक लिटर डिझेल, म्हणजे दिवसाला साडेसहा हजार रुपयांच्या आसपास. थांबायच्या वेळेतल्या फेऱ्या धरून दुप्पट करा, तेरा हजार. आता उलटा हिशेब. स्थानकच नेले तर रोज चढणारे-उतरणारे आठ हजार धरा, त्यातले निम्मे लोक ओळखीच्याच्या गाडीत बसून, मोटारसायकलवर लटकून पोचतील असे समजा. उरले चार हजार. ऑटोचे माणशी वीस रुपये. झाले ऐंशी हजार, रोजचे. आकडे ठोकताळ्याचे आहेत, कबूल. पण तेरा हजार महामंडळाच्या खात्यावर दिसतात आणि ऐंशी हजार कुणाच्याच खात्यावर दिसत नाहीत, म्हणून दुसरा पर्याय स्वस्त ठरतो.

मार्च २०२३ पासून बायांना एसटीत अर्धे तिकीट आहे. चांगली योजना आहे, त्याचे श्रेय घ्या. अठरा किलोमीटरवरून येणाऱ्या बाईला एसटीचे तीन टप्पे पडतात. अर्ध्या तिकिटाने तिचे पंधरा-सोळा रुपये वाचतात. फाट्यावरून गुजरीपर्यंत, म्हणजे भाजीबाजारापर्यंत, ऑटोवाला वीस घेईल. डोक्यावर टोपले असेल तर टोपल्याचे दहा वेगळे. म्हणजे सरकारने एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने सव्याज परत. आणि मानव विकासच्या निळ्या गाड्या, ज्या खास शाळेच्या पोरींसाठी आहेत, त्यांचे काय? शाळा गावात, पाचला सुटणार. गाडी साडेपाचला, चार किलोमीटरवर. पोरीने पळायचे, की दहावीनंतर शाळा सोडायची?

हा निर्णय ज्या वाहतूक सर्वेक्षणावर उभा आहे, ते आम्ही माहितीच्या अधिकारात मागवून वाचले. मोजणी झाली मे महिन्यात, मंगळवारी, एकच दिवस. मेमध्ये शाळा बंद. कापसाचा हंगाम उरकलेला. आठवडी बाजार आमचा शुक्रवारी. बेचाळीस अंशांत दुपारी रस्त्यावर कुत्रेही नसते, तेव्हा मोजणारा पोरगा चौकातल्या पानठेल्याच्या सावलीत बसून रेघा मारत होता. भारतीय रस्ते काँग्रेसची ग्रामीण रस्त्यांवरच्या वाहन गणनेची जुनी, १९७२ सालची पद्धत सांगते की मोजणी सलग सात दिवस, वर्षातून दोनदा करावी, एकदा पीक निघून विक्रीला येते त्या हंगामात आणि एकदा मंदीत. पन्नास वर्षांपूर्वीच्या माणसांना सुगी ठाऊक होती. आजच्या लॅपटॉपला नाही.

मोजले कशात, तेही बघा. रस्त्यांच्या हिशेबात सगळी वाहने मोटारकारच्या मापात आणतात. कार १, मोटारसायकल अर्धी, बस ३, ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार, बैलबंडी ८. यात पन्नास-साठ माणसे भरलेली बस तीन कारांइतका अडथळा ठरते आणि एकट्या माणसाची कार एक. पायी चालणाऱ्याचा आकडा या तक्त्यात नाहीच. बाजाराच्या दिवशी चौकातून जाणाऱ्या दहांत सहा-सात माणसे पायी असतात, असे कुणीही दारात उभे राहून मोजून सांगेल. अहवालात ती माणसे शून्य आहेत. ज्या कागदावर आम्ही नाही, त्या कागदाने आमचे स्थानक हलते.

आता कोंडीचे खरे कारण. ते स्थानकापासून सातशे मीटरवर, बाजार समितीच्या फाटकात आहे. तिथे वजनकाटा एक. भरलेली ट्रॉली काट्यावर चढणे, पावती, उतरणे, पाच मिनिटे. माल रिकामा करून परत त्याच काट्यावर रिकामे वजन, तीन मिनिटे. एका ट्रॉलीमागे आठ मिनिटे, तासाला सात-आठ ट्रॉल्या, दहा तासांत पंचाहत्तर. हंगामात येतात दीडशे. उरलेल्या रस्त्यावर रात्र काढतात. ट्रॅक्टर-ट्रॉली दहा मीटरची, मध्ये थोडी जागा. साठ ट्रॉल्यांची ओळ बरोबर स्थानकाच्या तोंडाशी येऊन टेकते. एसटी आत जाऊ शकत नाही, त्यात एसटीचा काय गुन्हा?

या ओळीचा दुसरा मार शेतकऱ्याच्या खिशावर बसतो. हमीभावाच्या खरेदीत कापसाची आर्द्रता ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यावर कपात, आणि १२ च्या वर गेली की गाडी परत. नोव्हेंबर-डिसेंबरच्या रात्री उघड्यावर उभ्या ट्रॉलीवर दव पडते. संध्याकाळी साडेदहा टक्के दाखवणारा कापूस सकाळी यंत्राची सुई घातली की वरच्या थराला तेरा दाखवतो. ग्रेडर म्हणतो, वाळवून आण. कुठे वाळवू, रस्त्यावर? कोंडी म्हणजे आपल्यासाठी हॉर्न, आमच्यासाठी क्विंटलमागे कापलेले पैसे.

उपाय अवघड नाही. भरलेल्या गाड्यांसाठी दोन काटे, रिकाम्यांसाठी वेगळा एक, तिन्ही फाटकापासून किमान दोनशे मीटर आत, म्हणजे ओळ आवारात लागेल. आत जायचे फाटक एका रस्त्यावर, बाहेर पडायचे दुसऱ्या. टोकन मोबाइलवर, सकाळ-दुपार-संध्याकाळ अशा तीन पाळ्यांचे, आणि टोकनाशिवाय आलेल्या गाडीला बायपासच्या टर्मिनलवर थांबा. टर्मिनलला शेड हवे, नुसता मुरूम नको, दवाचे वर सांगितले आहेच. सरकी आणि गाठी नेणारे ट्रक रात्री नऊ ते सकाळी सहा. अर्ध्याहून जास्त कोंडी इथेच सुटते, आणि खर्च संकुलाच्या पायाइतकाही येणार नाही.

पण टर्मिनल होईल कसे? विकास आराखड्यात त्याचे आरक्षण पडून दहा वर्षे उलटली. नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे आता जागामालकाने नोटीस दिली आणि चोवीस महिन्यांत संपादन झाले नाही तर आरक्षण आपोआप उडते. त्या जागेच्या आजूबाजूला सध्या लेआउटचे रंगीत बोर्ड कुणाचे लागले आहेत, ते आपल्या स्वीय सहायकाला विचारा. आम्ही विचारले तर बदनामी होईल.

नोटिसीत एक गोड वाक्य आहे, नव्या स्थानकापासून 'पर्यावरणपूरक ई-रिक्षा' धावतील. धावतील ना. ई-रिक्षाला नियमाने चार प्रवासी आणि चाळीस किलो सामान, वेग ताशी २५. चार हजार माणसांना हजार फेऱ्या लागतील, तेही सगळ्या गच्च भरल्या तर. खाली बारा व्होल्टच्या चार शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या, चार्ज व्हायला आठ-दहा तास. वऱ्हाडातल्या मेमध्ये त्यातले पाणी उडते, डिस्टिल्ड वॉटर वेळेवर पडले नाही तर प्लेटा उघड्या पडतात आणि वर्षभरात बॅटरी बसते. आणि ही पंचविसाच्या वेगाची टोपली ऐंशीच्या ट्रकांमधून बायपास ओलांडणार. ई-रिक्षा गावाच्या आत चांगली आहे, दवाखाना, शाळा, गुजरी, स्थानक अशा दोन किलोमीटरच्या फेऱ्यांना. तिला हायवेवर सोडणे म्हणजे पोरगे विहिरीच्या काठावर खेळायला बसवणे.

फुटपाथचे थोडक्यात सांगतो. बाजारपेठेत अडीच मीटर मोकळी रुंदी आणि दीडशे मिलिमीटरपेक्षा जास्त उंची नको, हे मानक आहे. आमच्याकडे फुटपाथ म्हणजे दीड फूट उंच नालीवरची झाकणे, दर तिसरे गायब. म्हातारे माणूस चढणार कसे? ते रस्त्यावरूनच चालते. गतिरोधक ३.७ मीटर लांब आणि फक्त १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे २५ च्या वेगाने गाडी अलगद जाते. ठेकेदार फूटभर डांबराचा ढीग टाकतो, बाळंतिणीला घेऊन जाणारी गाडी त्यावर आपटते, आणि मोटारसायकलवाले कडेच्या फटीतून, म्हणजे चालणाऱ्यांच्या अंगावरून जातात. हातगाडीवाल्यांना हुसकण्याआधी २०१४ चा पथविक्रेता कायदा उघडा. नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के विक्रेते हवेत. आमच्या समितीची बैठक कुणाला आठवत नाही.

महोदय, खरे सांगायचे तर भांडण एकट्या स्थानकाचे नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने ५७,६१३ कोटींची ई-बस योजना आणली, दहा हजार गाड्या, १६९ शहरे. यादी तीन लाख आणि त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांची. आमचे गाव अर्ध्या लाखाचे, म्हणजे आम्ही ना शहर, ना खेडे. भोवतालची शंभर गावे बाजाराला, दवाखान्याला, कोर्टाला इथेच येतात, ती मात्र कुणी आमच्या लोकसंख्येत धरत नाही. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. त्यावर ना मोटारसायकल चालते, ना ट्रॅक्टर. म्हणजे ज्यांच्या वावरातून तो गेला, त्यांनी तो पुलाखालून बघायचा. गोऱ्या कंपनीने निदान कापूस न्यायला का होईना, अडीच फुटी रुळांची शकुंतला रेल्वे मूर्तिजापूरहून अचलपूरला आणि यवतमाळला घातली. आपण सगळ्यांनी मिळून ती गवतात घातली. विदर्भ वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, त्याचे सुतकही कुणी पाळले नाही. विदर्भाला महाराष्ट्रात घेताना झालेल्या नागपूर कराराची आठवण म्हणून दरवर्षी नागपुरात अधिवेशन तेवढे भरते. हुर्डा, संत्रा, मोर्चा, परत मुंबई.

तेव्हा मागणी एवढीच. नोटीस मागे घ्या. मोजणी डिसेंबरात, सलग सात दिवस, शुक्रवार धरून, आणि माणसे मोजून करा. आगार बायपासला न्या, स्थानक जागेवर ठेवा. टर्मिनलची जागा आरक्षण उडण्याआधी ताब्यात घ्या. काट्यांचे काम पुढच्या सीतादहीच्या, म्हणजे कापूस वेचणी सुरू होतानाच्या पूजेच्या, आत करा.

आणि एक. हरकतींची सुनावणी येत्या सोमवारी सकाळी साडेदहाला जिल्ह्याच्या ठिकाणी ठेवली आहे. आमच्या इथून पहिली थेट गाडी पावणेनऊला निघते आणि अकरा वाजून दहा मिनिटांनी पोचते. सुनावणीची वेळ बदला, नाहीतर गाडीची.

आपले,
बाजार चौकात रोज पायी चालणारे काही मतदार