रंगांच्या दुकानातल्या काकांना मनापासून थँक्यू

काका, नमस्कार.

तुम्हाला माझं नाव माहीत नाही आणि मलाही तुमचं नाही, दुकानात सगळे काकाच म्हणतात. मे महिन्यात अप्पा बळवंत चौकात शाळेच्या वह्या-पुस्तकांची गर्दी सुरू झालेली, आणि त्या गर्दीत एक बाई मोबाइलवरचा व्हिडिओ तुमच्या नाकासमोर धरून "हे पाण्यात विरघळणारे खडू आहेत का, मोठा डबा द्या" करत होती ना, ती मीच.

तुम्ही निओकलर टू या पाण्यात विरघळणाऱ्या मेणखडूंचा ४० रंगांचा डबा काढलात, मी किंमत बघून गप्प झाले पण घ्यायचं ठरवूनच आले होते, आणि तेवढ्यात तुम्ही विचारलंत, "काढायचं काय आहे?" म्हटलं, आमच्या गॅलरीसमोरचा गुलमोहर. तुम्ही डबा बंद करून वर ठेवून दिलात आणि तीन सुट्या कांड्या पुढे केल्यात, लेमन यलो, स्कार्लेट आणि प्रशियन ब्ल्यू. "एवढ्यात होतंय तुमचं झाड. वाचलेले पैसे कागदात घाला." अहो, समोर आलेलं गिऱ्हाईक असं कोण सोडतं?

बरं, नुसतं सांगून थांबला नाहीत. मागे लाइन लागलेली, एक मुलगा कंपासपेटीसाठी आईच्या ओढणीचा पदर ओढतोय, आणि तुम्ही निवांतपणे कार्ट्रिज पेपरचा (साध्या ड्रॉइंगच्या कागदाचा) तुकडा आणि ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड तुकडा शेजारी शेजारी ठेवून दोन्हीवर निळी कांडी घासलीत, ओला ब्रश फिरवलात. कार्ट्रिज लगेच फुगला आणि दुसऱ्यांदा ब्रश लावल्यावर त्याचा लगदा निघायला लागला, जाड कागदावर मात्र रंग असा सुळकन पसरला की बास. साध्या मेणखडूवरून पाणी घसरतं, या खडूत मेणाबरोबर पाण्यात विरघळणारा बाइंडर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पदार्थ, असतो म्हणून रंग सुटतो, हे तुम्ही एका वाक्यात सांगितलंत आणि माझ्या डोक्यात ते कायमचं बसलं.

घरी येऊन तुम्ही सांगितलेल्या तिन्ही पद्धती करून बघितल्या. कोरडं घासून वरून ब्रश, हे सगळ्यात सोपं, पण खडूच्या रेघा थोड्या राहतात (मला तर त्या आवडतात, फांद्यांना बऱ्या दिसतात). दुसरी, ब्रश ओला करून थेट कांडीच्या टोकावरून रंग उचलायचा, बारीक कामाला. आणि तिसरी म्हणजे कांडीचं टोकच पाण्यात बुडवून कागदावर टेकवायचं, काका, ही भारी आहे! लाल असा दाट उतरतो की झाडाखाली पडलेला पाकळ्यांचा सडा मी सगळा असाच टिपके टिपके करून काढला. खोडाला काळा रंग नव्हता, तर तुमचं ऐकून स्कार्लेटवर प्रशियन ब्ल्यू घासला आणि पाणी लावलं, मस्त मळकट तपकिरी आला, बाटलीतल्या काळ्यापेक्षा कितीतरी जिवंत. हिरवा तर पिवळ्या-निळ्यातून हवा तेवढा निघतो. फक्त पहिला थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, हे तुम्ही दोनदा बजावलं होतंत ते बरं झालं, नाहीतर ओल्यावर ओलं जाऊन सगळ्याचा चिखल होतो. वाळल्यावरसुद्धा पाणी लागलं की हा रंग परत उठतोच.

आणि ती पांढऱ्या पाकळीची युक्ती! गुलमोहराच्या फुलात चार पाकळ्या लाल आणि एक पांढरट, लाल-पिवळे शिंतोडे उडालेली, हे मी इतकी वर्षं त्या झाडासमोर राहून कधी नीट बघितलंच नव्हतं, तुम्ही काउंटरवर बसून सांगितलंत. तिथे आधी घरातला पांढरा तेलखडू (ऑइल पेस्टल) लावला, मग वरून लाल पाणी फिरवलं, तेलावर पाणी ठरत नाही, त्यामुळे पाकळी आपोआप पांढरी राहिली आणि लालचे थेंब थेंब वर बसले, हुबेहूब शिंतोडे. माझी भाची एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेची तयारी करतेय, ती शेजारी बसून तिच्या तेलखडूंवर ओला ब्रश घासत होती आणि माझा का पसरत नाही म्हणून वैतागली होती. तिला सांगितलं की बाई, तुझ्या खडूंना पाणी नाही, टर्पेंटाइन लागतं. एकदम एक्स्पर्ट असल्यासारखं सांगितलं, क्रेडिट तुमचं.

चित्र काचेच्या फ्रेममध्ये लावलंय, तुम्ही म्हणालात तसं, नाहीतर पावसाळ्यात कोणाचा ओला हात लागला तर गेलंच.

सोसायटीतल्या दोघीजणी आता मोठा डबा मागवायला निघाल्यात. त्यांना तुमच्याकडे पाठवते, आधी काय काढणार ते विचाराच. आणि माझ्यासाठी एक ऑकर (तो मातकट पिवळा) बाजूला ठेवा, या रविवारी येतेय, आता मातीची भिंत काढायची आहे.

तुमची,
गुलमोहरवाली