गाडीच जिंकते, तर ड्रायव्हर बसवता कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला फॉर्म्युला वनवरचा लेख वाचला आणि तेव्हापासून मन शांत नाही. लेखकाचा अभ्यास नाही असं मी मुळीच म्हणणार नाही. विंड टनेल, इंजिनांचे नियम, खर्चाची मर्यादा, सगळं त्यांनी नीट समजावून दिलं आहे. पण सगळ्यात चांगली गाडी ज्याच्या हाती तोच विश्वविजेता आणि ड्रायव्हरचं कौतुक म्हणजे निव्वळ भाबडेपणा, हा त्यांचा निकाल मला मान्य नाही. त्यातही १९८६ च्या विश्वविजेत्या अ‍ॅलन प्रॉस्टची त्यांनी ‘टायर फुटल्यामुळे लागलेली लॉटरी’ अशी एका ओळीत बोळवण केली आहे. त्याचा मला राग आला आहे आणि तो मी लपवत नाही.

त्या वर्षी विल्यम्स-होंडा ही सर्वांत वेगवान गाडी होती, यात वाद नाही. १६ पैकी ९ शर्यती मॅन्सेल आणि पिके या त्यांच्या दोघांनीच जिंकल्या. संघांच्या तक्त्यात विल्यम्सचे १४१ गुण, प्रॉस्टच्या मॅक्लारेनचे ९६. अ‍ॅडलेडच्या शेवटच्या शर्यतीत मॅन्सेलचा मागचा टायर फुटला, पिकेला संघाने खबरदारी म्हणून टायर बदलायला बोलावून घेतलं आणि प्रॉस्ट पुढे निघाला. लेखक इथे थांबतात. त्याच शर्यतीत प्रॉस्टचाही टायर आधी पंक्चर झाला होता, टायर बदलायला पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागी, जावं लागल्याने तो मागे पडला होता आणि तिथून पुन्हा वर आला होता, हे त्यांनी का सांगितलं नाही? शेवटच्या फेऱ्यांत इंधन संपल्याचं गाडीतला आकडा दाखवत होता. तशा स्थितीत त्याने शर्यत पुरी केली आणि रेषा ओलांडताच गाडी उभी केली. अखेरचा हिशेब प्रॉस्ट ७२, मॅन्सेल ७०, पिके ६९. टायर फुटला ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. त्याआधीचे सात महिने दुय्यम गाडीने या दोघांच्या मागे सावलीसारखा राहिला कोण?

त्याच वर्षी जुलैत जर्मनीतल्या हॉकेनहाइमच्या शर्यतीत काय झालं तेही लिहायला हवं होतं. शेवटच्या फेरीत प्रॉस्टचं इंधन संपलं. दुसरा एखादा गाडीतून उतरून चालता झाला असता. हा उतरला आणि गाडी ढकलू लागला. सहावा क्रमांक, एक गुण. वर्षाअखेर प्रत्येकाचे सर्वोत्तम ११ निकालच मोजायचे असा तेव्हा नियम होता, त्यामुळे तो गुण शेवटी धरलाच गेला नाही. पण पुढे काय होणार हे जुलैत कोणाला ठाऊक होतं? त्या दिवशी मिळण्यासारखा होता तो एकच गुण आणि त्याच्यासाठी हा माणूस गाडीला खांदा देत होता. अशा माणसाला तुम्ही लॉटरीवाला म्हणता.

जुनं नको असेल तर २०२४ घ्या. संघांचं अजिंक्यपद मॅक्लारेनचं, दुसरी फेरारी, रेड बुल तिसरी, आणि ड्रायव्हरांमध्ये पहिला रेड बुलचा मॅक्स वर्स्टापन. हंगामाच्या सुरुवातीला त्याची गाडी सर्वांत चांगली होती, पहिल्या दहापैकी सात शर्यती त्याने तेव्हाच जिंकल्या, हे मला मान्य आहे. पण पुढे गाडी बिघडत गेली तेव्हा ती आघाडी राखली कोणी? ब्राझीलला तो सतराव्या क्रमांकावरून सुटला आणि भर पावसात पहिला आला. त्याच संघाची तीच गाडी चालवणारा पेरेझ वर्षाअखेर आठवा होता. एकाचे ४३७ गुण, दुसऱ्याचे १५२. या फरकाबद्दल लेखात एक अक्षर नाही.

मला हे एवढं लागण्याचं कारण घरचं आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस काही हौशी मंडळींनी नागपुरात हिंगणा रोडच्या पलीकडे, मोकळ्या रानात मोटरसायकलींची शर्यत ठेवली होती. माझा धाकटा भाऊ तीत उतरला. बहुतेकांकडे नवीकोरी आरएक्स १०० होती, हलकी आणि चपळ. आमच्याकडे होती वडिलांची राजदूत, काटोलकडच्या संत्र्याच्या बागा फिरायला घेतलेली. इंजिन आकाराने मोठं, पण ताकद आरएक्सपेक्षा कमी आणि वजन भलतंच जास्त. भावाने मडगार्ड, हेडलाइट, कॅरियर, सगळं काढून ठेवलं. गाडीला ओढ यावी म्हणून मागे जास्त दातांचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, बसवलं.

आदल्या संध्याकाळी तो पूर्ण ट्रॅक पायी फिरला. मी सोबत होते. एका वळणावर उकिडवं बसून त्याने टाचेने जमीन उकरली. आतल्या अंगाला काळी माती होती, बाहेरच्या अंगाला मुरूम. मला म्हणाला, “ताई, उद्या धूळ बसावी म्हणून हे टँकरने पाणी मारतील. मग आतून गेला तो घसरला. मी बाहेरूनच काढणार.” झालंही तसंच. सगळे जवळचा रस्ता म्हणून आतून घुसत होते, चाकं जागेवर फिरत होती, चेनमध्ये चिखल भरत होता. हा मात्र प्रत्येक फेरीला लांबचा वळसा घालून, गिअर न बदलता, मुरमावरून जायचा. शेवटच्या फेरीत पुढचे दोघे त्याच वळणावर आडवे झाले आणि राजदूत पहिली आली.

लगेच तक्रार झाली. राजदूत जिंकतेच कशी, बोअर (सिलिंडरची आतली रुंदी) मोठा केला असणार! आयोजकांनी सगळ्यांदेखत इंजिन उघडलं. हेड उतरवलं, सिलिंडर ओढून काढला, व्हर्निअर लावून माप घेतलं. माप कंपनीचंच निघालं. दुसऱ्या आणि तिसऱ्या आलेल्या गाड्यांचा साधा प्लगसुद्धा कोणी काढून पाहिला नाही. “ठीक आहे, कप घेऊन जा,” एवढं बोलून मंडळी पांगली. गास्केट फाटलेलं, नट मातीत विखुरलेले. मी ते ओढणीत वेचले. हेड आणि सिलिंडर पोत्यात घातला आणि आम्ही बहीण-भावाने गाडी ढकलत घरी आणली. घरी पोचेपर्यंत पार अंधार झाला होता. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या: आघाडीचे स्पर्धक घसरल्याने अनपेक्षित विजय. ते का घसरले आणि हा का नाही घसरला, हे विचारायला कोणी आलं नाही.

वडील मोजकं बोलणारे. बातमी वाचून म्हणाले, “गाडी त माहीच होती ना, मंग मी काहून नाही जिंकलो कधी?” तुमच्या लेखकांनी या प्रश्नाचं उत्तर द्यावं. भाऊ पुन्हा शर्यतीत उतरला नाही. पैशाची अडचण होतीच, पण जिंकल्यावरही चोर ठरायचं असेल तर जायचं कशाला, असं तो म्हणाला आणि मला त्यावर काही बोलता आलं नाही.

आता लिहितेच आहे तर आणखी एक. फॉर्म्युला वनसाठी तुम्ही पुरवणीचं अर्धं पान दिलंत, चांगलं केलंत. पण अभियांत्रिकी कॉलेजांची पोरंपोरी वर्षभर वर्कशॉपमध्ये राबून, मोटरसायकलचं इंजिन टाकून स्वतः रेसिंग कार बनवतात आणि कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत स्पर्धेला नेतात, त्यांच्यासाठी तुमच्याकडे चार ओळी का नसतात? आमच्या गल्लीतली एक मुलगी अशाच एका संघात आहे. रात्री दहा-दहा वाजता ग्रीसचे हात घेऊन घरी येते. तिथली सहनशक्तीची शर्यत सुमारे २२ किलोमीटरची असते, मध्येच ड्रायव्हर बदलावा लागतो आणि कितीतरी गाड्या शेवटपर्यंत पोचतच नाहीत. पैसेवाल्या संघांच्याही नाहीत. बातमीदार पाठवणं जमत नसेल तर निदान निकाल तरी छापा. सोमवारच्या क्रिकेटच्या पानातून तेवढी जागा नक्की निघेल.

पत्र मोठं झालं आहे, तुम्ही कापणार हे मला माहीत आहे. विल्यम्सचे गुण गाळा, वर्स्टापनचेही गाळा. इंजिन उघडल्याचा परिच्छेद तेवढा गाळू नका.

आपली,
एक वाचक,
प्रतापनगर, नागपूर