सरपंचांच्या नावाआधी काय लिहावे? ग्रामविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय ग्रामविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सादर नमस्कार.

मी निवृत्त ग्रामसेविका आहे. नोकरीची बरीच वर्षे मी महिला सरपंचांबरोबर काम केले. त्या काळातली एक गोष्ट अजून मनातून जात नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. माझ्याकडे असलेल्या एका गावच्या सरपंचांचे यजमान त्यांच्या कार्यकाळाच्या तिसऱ्या वर्षी वारले. दिवसकार्य उरकून त्या मासिक सभेला आल्या, तेव्हा कार्यालयातील पदाधिकाऱ्यांच्या फलकावर त्यांच्या नावाआधीचे 'सौ.' खरवडून तिथे 'श्रीमती' रंगवलेले होते. तसे करायला लेखी कोणी सांगितले नव्हते. पेंटर दुसऱ्या कामासाठी आला होता, त्याच्याकडून ते करून घेतले गेले. सरपंच फलकासमोर क्षणभर थांबल्या आणि मग आत येऊन त्यांनी उपस्थितीच्या वहीत सही केली. त्यांचे पद, धनादेशावरील सहीचा अधिकार, घरपट्टी-पाणीपट्टीच्या वसुलीपासून वित्त आयोगाच्या निधीपर्यंतची जबाबदारी, यांतले काहीही बदललेले नव्हते. बदलली होती ती त्यांच्या घरातली एक दुःखाची गोष्ट, आणि नेमकी तीच आम्ही भिंतीवर जाहीर केली होती. त्या वेळी मी गप्प राहिले, याची खंत मला आजही आहे.

'श्रीमती' या शब्दात मुळात गैर काही नाही. श्रीने युक्त असा त्याचा अर्थ आहे, शासकीय पत्रव्यवहारात तो सर्वच स्त्रियांसाठी वापरला जातो, आणि हिंदी भाषक प्रदेशात तर तो विवाहितेच्या नावाआधी मानाने लावतात. पण आपल्या गावांमध्ये तो पती हयात नसल्याची खूण म्हणूनच वाचला जातो, हे आपणही जाणता. पंचायत समितीकडून 'श्रीमती' असे लिहिलेले पत्र आल्यावर 'आमच्या सुनेच्या नावापुढे हे अभद्र का लिहिले?' असे विचारायला सरपंचांच्या सासूबाई कार्यालयात आलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यांची समजूत घालणे सोपे नव्हते, कारण समाजाने त्या शब्दाला जो अर्थ दिला होता, तोच त्या सांगत होत्या.

जुन्या पत्रांचे मायने पाहिले तर हे कुठून आले ते कळते. पुरुषाला 'राजमान्य राजश्री' असे लिहीत, म्हणजे त्याचा मान दरबारातून, लौकिकातून आलेला असे. स्त्रीला मात्र 'सौभाग्यवती वज्रचूडेमंडित' किंवा 'गंगाभागीरथी' असे लिहीत, आणि या दोन मायन्यांतून कळत असे ते एवढेच, की तिचा पती हयात आहे की नाही. 'रा. रा.' कधीच मागे पडले; 'सौ.' मात्र आपल्या ग्रामसभेच्या नोटिशीवर अजून आहे. 2023 मध्ये 'विधवा' या शब्दाऐवजी 'गंगा भागीरथी' वापरण्याचा विचार शासनस्तरावर पुढे आला, तेव्हा त्याला राज्यभरातून विरोध झाला, तो याच कारणाने.

बोलण्यातल्या संबोधनांचेही तसेच आहे. 'ताई' आणि 'अक्का' ही नाती त्या बाईंची स्वतःची आहेत, म्हणून ती मला खटकत नाहीत. इंदूरच्या सुमित्रा महाजन लोकसभेच्या अध्यक्ष असतानाही ताईच होत्या, आणि त्यामुळे त्यांच्या आसनाचा मान उणावला नाही. परंतु 'वहिनी' हे नाते नवऱ्याकडून येते. ज्या सभेत सरपंचांना 'वहिनी' आणि शेजारी येऊन बसलेल्या त्यांच्या यजमानांना 'सरपंचसाहेब' म्हटले जाते, त्या सभेत कारभार कोणाचा चालतो हे इतिवृत्त न वाचताही कळते. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने 2023 मध्ये सरपंचपतींच्या प्रश्नावर समिती नेमली, त्या प्रश्नाचे एक मूळ या संबोधनातही आहे, असे माझे अनुभवाचे सांगणे आहे.

पदनामांबाबत एवढेच, की 'अध्यक्षा', 'संचालिका' असे प्रत्यय लावण्याची मराठीला गरज नाही. 'सरपंच आल्या', 'सभापती म्हणाल्या' असे आपण सहज बोलतो. स्त्रीत्व आणि आदर, दोन्ही क्रियापदच सांगते. 2007 मध्ये जळगावच्या प्रतिभाताई पाटील देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या, तेव्हा त्या शब्दातल्या 'पती'वरून पुष्कळ चर्चा झाली. तिथे 'पती' म्हणजे स्वामी, प्रमुख. शब्द तोच राहिला आणि भाषेने तो सहज पेलला.

राज्यात सुमारे 28 हजार ग्रामपंचायती आहेत आणि 2011 पासून त्यांतील निम्मी सरपंचपदे महिलांसाठी राखीव आहेत. म्हणजे हा प्रश्न किमान चौदा हजार खुर्च्यांचा आहे. शासनाने मनावर घेतले तर शब्द बदलतात, हे मी स्वतः पाहिले आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा त्याच महिन्यात आपल्याच विभागाने इतर ग्रामपंचायतींना तसे आवाहन केले. 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव आले. त्याच निर्णयात विवाहितेच्या नावाची जुनी पद्धत मात्र तशीच ठेवली गेली, याचे मला वाईट वाटते.

म्हणून माझी विनंती आहे, की आपल्या विभागाने एक परिपत्रक काढावे. ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद येथील फलक, सभेच्या नोटिसा, इतिवृत्ते, निमंत्रणपत्रिका व कोनशिला यांवर महिला पदाधिकाऱ्यांच्या नावाआधी 'सौ.', 'श्रीमती', 'कु.' किंवा 'गं. भा.' यांपैकी काहीही लिहू नये. आधी पद आणि मग नाव लिहावे, आणि 'मा.' लावायचेच असेल तर ते स्त्री-पुरुष सर्वांना सारखे लावावे. सभेत त्यांना पदानेच संबोधावे आणि इतिवृत्तातही तसेच नोंदवावे. यासाठी वेगळा निधी लागणार नाही. जुने फलक पुढच्या रंगकामाच्या वेळी दुरुस्त केले तरी चालतील. मात्र मुदत संपलेल्या सरपंचांच्या नावांची जी यादी प्रत्येक कार्यालयात कायमची लावलेली असते, तिचाही या परिपत्रकात स्पष्ट उल्लेख असावा. मी वर सांगितलेल्या सरपंचांचे नाव आता त्या यादीत आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त ग्रामसेविका