सहा हजार मागितलेस त्याबद्दल

चिऊ,

काल फोनवर मी नुसतं बघूया म्हणून ठेवून दिला ते तुला लागलं असणार, मला माहीत आहे. खरं तेव्हा बाबा शेजारी बसले होते, आजीला गोळी द्यायची होती आणि असलं घाईत बोलायचं नव्हतं मला. आता सगळी झोपलीत म्हणून निवांत टाईप करतेय, लांबलचक होईल, एकदम नाही वाचलीस तरी चालेल पण वाच.

तर त्या ऑनलाईन इंटर्नशिपला मी सहा हजार देणार नाही. पैसे नाहीत म्हणून नव्हे गं. एक महिना घरात बसून व्हिडिओ बघायचे, शेवटी त्यांनी सर्टिफिकेट मेल करायचं, आणि पैसे भरायच्या आधीच ऑफर लेटर आलेलं! कामाला ठेवून घेणारा माणूस आपल्याकडून पैसे घेतो हे मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत इतकी वर्षं काढून कुठं बघितलं नाही. तुझ्या वर्गातल्या अकरा जणींनी भरले म्हणालीस, भरू देत.

तुला हे कधी सांगितलं नव्हतं, 1998 ला मी बी.कॉम. झाले तेव्हा खडेबाजारात एका क्लासवाल्यानं कॉम्प्युटरचा कोर्स आणि नोकरीची गॅरंटी म्हणून साडेतीन हजार घेतले होते. आप्पांनी ते सोसायटीतून उचलले. तीन महिन्यांनी गेलो तर शटर बंद आणि बाहेर आमच्यासारख्याच सात-आठ पोरी उभ्या. आप्पा एक शब्द बोलले नाहीत, पण तो हप्ता फिटेपर्यंत त्यांनी नवीन चप्पल घेतली नाही, ते मी बघितलंय. आणि नोकरी शेवटी लागली कशी, तर गल्लीतल्या काकू एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतून भाग बनवायच्या कारखान्यात, बिलिंगला होत्या, त्या म्हणाल्या आमच्यातली एक मुलगी लग्न होऊन चाललीय, उद्या येऊन नुसती बसून बघ. मी आठ दिवस बिनपगारी बसले, चलन कसं फाडतात, गेट पास कुणाच्या सहीनं होतो सगळं बघितलं आणि नवव्या दिवशी साहेबांनी रजिस्टर माझ्याकडं दिलं. तेव्हा त्याला इंटर्नशिप म्हणतात हे कुणाला माहीत होतं?

आता माझ्या टेबलचं सांगते, कारण तुम्ही पोरं जे मेल पाठवता ते आमच्यात मीच उघडते. उन्हाळा आला की रोज चार-पाच येतात. निम्म्यांत नुसतं रिस्पेक्टेड सर, आय वॉन्ट इंटर्नशिप, खाली रिझ्युमे. एकानं तर चाळीस कंपन्यांचे पत्ते एकाच मेलमध्ये टाकले होते, सगळ्यांना सगळे दिसत होते. एकीनं मजकुरात दुसऱ्याच कंपनीचं नाव ठेवलेलं, आमचं बदलायचं विसरली. असले मेल मी साहेबांपर्यंत नेत नाही, नेऊन काय सांगू? तू म्हणालीस ना की साठ मेल टाकले आणि एकाचं उत्तर नाही, तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला, कारण तुझे मेल पण कुठल्यातरी माझ्यासारखीच्या टेबलावर तसेच पडले असणार.

खरं गेल्या वर्षी एका मुलीचा मेल मी प्रिंट काढून आत नेला होता. पाच ओळींचा. तुम्ही व्हॉल्व्ह बॉडीचं कास्टिंग करता हे वेबसाईटवर वाचलं, आम्हाला यंदा कास्टिंगचे डिफेक्ट शिकायला आहेत पण प्रत्यक्ष एकही बघितलेला नाही, 10 जून ते 9 जुलै मोकळी आहे, कॉलेजचं पत्र जोडलंय, रिजेक्शनचा हिशोब ठेवायचं काम दिलं तरी करीन. बस्स एवढंच. साहेब म्हणाले बोलवा.

ती आली आणि पहिल्या आठवड्यात तिला कुणी विचारलं पण नाही, हे पण तुला सांगून ठेवते, सगळीकडं असंच असतं. ती रिजेक्शनच्या, म्हणजे खराब निघालेल्या पिसांच्या, ढिगापाशी वही घेऊन बसायची. एकेक पीस उलटा करून कुठं भोक पडलंय त्याचं चित्र काढायची, बाजूला तारीख, शिफ्ट आणि साच्याच्या वाळूची आर्द्रता लॅबमधून विचारून लिहायची. ब्लो होल म्हणजे वाळूत पाणी जास्त झालं की ओतताना त्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की लोखंडात तशीच अडकते, हे मला इतक्या वर्षांत तिनंच समजावून सांगितलं. महिन्याच्या शेवटी तिनं दाखवलं की पाऊस लागला त्या दिवसांत रात्रीच्या शिफ्टला भोकं जास्त आहेत, नवीन वाळू उघड्यावर पडून असते म्हणून. ताडपत्री आली. सर्टिफिकेट माझ्याच हातानं टाईप झालं पण तिनं नेलं काय, तर ती वही. पुढं इंटरव्ह्यूत तीच दाखवली म्हणून तिनं मला फोन करून सांगितलं.

मला तुझ्यासाठी ती वही पाहिजे चिऊ. दुसरं काही नको.

आता करायचं काय. सीमाभागाच्या कोट्यातून तुला पुण्यात ॲडमिशन मिळालं तेव्हा आपण केवढे खूश झालो होतो, त्या कॉलेजातून तुझ्याआधी किती पोरं बाहेर पडलीत, त्यांना विचार की. माजी विद्यार्थ्यांचा अल्युम्नाय सेल असेल तिथं जाऊन बस, मेकॅनिकलची तीन-चार वर्षांपूर्वीची यादी माग, लिंक्डइनवर शोध. खरं पहिल्याच मेसेजला रेफरन्स द्या म्हणू नकोस, माणूस दारच लावून घेतो. ताई, तुम्ही सकाळी गेल्यापासून काय काम करता, कॉलेजात शिकलेलं त्यातलं काय उपयोगी पडलं, पंधरा मिनिटं फोनवर बोलाल का, एवढंच विचार. दहातले दोघंतिघं तरी बोलतील. लिहून ठेव आणि नंतर त्यांना थँक यू टाक, आणि ट्रेनिंग लागलं की ते पण कळव, लोकांना बरं वाटतं. डिझाईन की क्वालिटी की प्रॉडक्शन ह्याचं तू रात्र रात्र डोकं खातेस, ते अशा चार फोनमध्ये जास्त उलगडेल, माझ्याकडून नाही उलगडणार.

रिझ्युमे एका पानाचा कर आणि त्यात कन्नड लिही. मागच्या वेळी तू ते काढून टाकलं होतंस, पुण्यात काय करायचंय म्हणून. अगं आमच्या कास्टिंगच्या गाड्या चाकण-भोसरीलाच तर येतात, तिथल्या परचेसवाल्यांना इकडच्या व्हेंडरशी रोज बोलायला लागतं. मराठी शाळेत शिकून मी कन्नड गेटवर उभं राहून शिकले आणि पीएफच्या ऑफिसात त्याच्यावरच माझी कामं झाली. घरात आपण काय बोलतो ते वेगळं, पण आलेली भाषा लपवायची कशाला?

फुकटात बघायचं असेल तर एआयसीटीईचं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या सरकारी परिषदेचं, इंटर्नशिप पोर्टल आहे, तिथं नाव घाल. आणि डिग्री झाल्यावर लगेच नोकरी नाही लागली तर घाबरायचं नाही, अप्रेंटिसशिप असते वर्षाची, 1961 चा कायदा आहे, तीस किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला अप्रेंटिस घ्यावेच लागतात. आमच्या पोरांची नोंद मीच करते नॅट्सच्या, म्हणजे सरकारच्या अप्रेंटिसशिपच्या, पोर्टलवर, स्टायपेंड मिळतो आणि शेवटी चेन्नईच्या अप्रेंटिसशिप बोर्डाचं सर्टिफिकेट येतं. हे मी आपल्या विनूदादाला पण सांगितलंय. पास होऊन दीड वर्ष झालं, पोरगं लाजेनं कॉलेजकडं फिरकत नाही, म्हणतो आता मी तिथला स्टुडंट कुठं. मी म्हटलं अरे पास झालास म्हणून कॉलेज तुटलं का, प्लेसमेंटच्या सरांना जाऊन भेट. मंगळवारी जातो म्हणालाय, तू पण एक फोन कर त्याला, तुझं ऐकतो.

आणि पुण्यात कुठंच नाही जमलं तर इकडं ये. उद्यमबाग आहे, मच्छे आहे, शब्द टाकायला मी आहे. आमच्यात मात्र नाही हं, माझी मुलगी म्हणून सगळे लाड करतील आणि तुला ढिगापाशी बसूच देणार नाहीत.

दोन हजार टाकलेत तुझ्या खात्यावर. त्यातून आधी सेफ्टी शूज घे, कुठल्याही शॉपफ्लोअरवर सँडल घालून आत सोडत नाहीत, आणि बाकीचे भोसरी-चाकणला जायच्या-यायच्या भाड्याला. कंपनीत जाऊन यायला अजून लागले तर माग, त्याला मी कधी नाही म्हणणार नाही.

आज रात्री एकाच कंपनीचं नाव काढ, ती काय बनवते ते नीट वाच आणि पाच ओळींचा मेल लिहून आधी मला पाठव. मी साहेबांची माणूस म्हणून वाचते आणि आत नेला असता की नाही ते खरं खरं सांगते. अकरापर्यंत जागी आहे.

आई

जेवलीस काय ते पण लिही.