माजघराच्या जमिनीबद्दल, आबांना

ती. आबा,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमची नात तुम्हाला तिच्या फोनवर वाचून दाखवील. मुद्दाम सगळ्यांना दिसेल असं लिहिते आहे. गेल्या वर्षी गणपतीत आमच्याकडे आलेल्या निम्म्या चाकरमान्यांसमोर मी तुमच्या नावाने कुरकुर केली होती, म्हणून आभारही चारचौघांतच मानायला हवेत.

आमच्या माजघराचा लाल कोबा आजोबांच्या वेळचा. जागोजाग खपल्या निघालेल्या, पावसात पायाला गार. आईचे गुडघे बोलायला लागले तेव्हा मी मनावर घेतलं. टाइल बसवायच्या तर खाली मसाला धरून जमीन दीड-दोन इंच उचलणार, म्हणजे सगळी दारं खालून कापा. लाकडाचं नाव काढलं तर वाळवी दारात उभी. लॅमिनेटच्या पोटात दाबलेला लाकडाचा चुराच असतो, आपल्या हवेत तो फुगायचाच. म्हणून एसपीसी व्हिनाइलच्या पट्ट्या ठरवल्या. चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसी एकत्र करून केलेल्या, 5 मिलिमीटर जाड, एकीची जीभ दुसरीच्या खाचेत अडकणारी. गोंद नाही, खिळा नाही. कटरने रेघ मारायची आणि गुडघ्यावर मोडायची. दोन दिवसांचं काम, आणि तेही मीच करणार, असं मी घरात जाहीर करून टाकलं होतं.

गेल्या वर्षी मे महिन्यात तुम्ही आईला बघायला आलात तेव्हा मी मोजपट्टी घेऊन जमिनीवरच बसले होते. तुम्ही पट्टीचा नमुना हातात घेतलात, नखाने खरवडलात, वास घेतलात. मी म्हटलं, वॉटरप्रूफ आहे, दुकानदाराने खात्री दिलीय. त्यावर तुम्ही काय म्हणालात ते आमच्या घरात आता म्हणीसारखं वापरतात: "फळी वाटरप्रूफ आसा गो, तुजी जमीन नाय."

जमिनीतून ओल येते का ते बघायची प्लास्टिकची परीक्षा मी हट्टाने करून दाखवली. हातभर पॉलिथिनचा चौकोन कोब्यावर पसरून चारी कडा टेपने बंद केल्या आणि दुसऱ्या दिवशी उघडला. खाली ठणठणीत कोरडं. मी जिंकल्यासारखी तुमच्याकडे पाहिलं, तर तुम्ही चहाचा कप खाली ठेवत म्हणालात, "मे म्हयन्यात विहीर पण सुकता. पावसात काय ता बघ, मगे ठरव."

म्हणजे गणपतीआधी जमीन नाही. आबा, त्या दिवशी मला तुमचा खरंच राग आला होता. कोकणात घराचं कुठलंही काम गणपतीआधी उरकायचं असतं हे तुम्हाला मी काय सांगावं!

श्रावणात तेच प्लास्टिक चार ठिकाणी लावलं. तीन ठिकाणी काही नाही. मागच्या भिंतीलगत मात्र चोवीस तासांत प्लास्टिकला आतून थेंब धरले आणि खालचा कोबा काळपट पडला. मे महिन्यात पट्ट्या बसवल्या असत्या तर त्यांना काहीच झालं नसतं, हेच खरं भय आहे. वरून सगळं छान दिसलं असतं आणि खाली ओल कोंडून बुरशी धरली असती. वास आल्यावर मी बहुधा मोरीला दोष देत बसले असते.

मी लगेच रासायनिक लेप शोधायला लागले. तुम्ही छत्री घेऊन घरामागे गेलात. कौलांवरून वळचणीचं पाणी थेट भिंतीच्या पायाशी पडत होतं, आणि जांभा काय, पाणी पिणाराच दगड. आमच्या जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस. त्यातला आमच्या मागच्या कौलांवरचा सगळा त्या एका भिंतीला पाजला जात होता. तुम्ही पन्हळ लावायला सांगितलंत, भिंतीपासून दोन हातांवर उताराचा चर खणून घेतलात, पायाशी साचलेली माती काढायला लावलीत. या कामाचे तुम्ही पैसे घेतले नाहीत, हे इथे लिहिते म्हणून रागावू नका.

दिवाळीनंतर तुम्ही पाण्याची नळी घेऊन आलात. माझ्या फोनमधलं लेव्हलचं अ‍ॅप बघून हसलात. "पाणी खोटा बोलणा नाय." नळीने दाखवलं की मधोमध जमीन तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) खोल आहे आणि उंबऱ्यापाशी उंचवटा. उंचवटा घासला, खळगा लेव्हलिंग कंपाउंडने भरला. नाहीतर पाय पडला की पट्टी दबणार आणि सांध्याची जीभ तुटणार. मी जास्तीचा मऊ फोम आणला होता, तोही तुम्ही अंगठ्याने दाबून परत पाठवलात. पट्टीच्या पाठीला आधीच अस्तर होतं. "हा दबता, मगे खाच मोडतली." नंतर खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली, तिथेही तेच लिहिलेलं.

मग तुमचा काटकोन बघायचा गुण्या आणि दोरी. तीन-चार-पाचचा त्रिकोण धरला तेव्हा कळलं की आमचं माजघर गुण्यात नाहीच. खोली एका टोकाला 11 फूट 10 इंच रुंद, तर दुसऱ्या टोकाला इंचभर कमी. पट्टी 7 इंचांची. दोन्ही भिंतींलगतची फट सोडून एका भिंतीकडून अख्ख्या पट्ट्या लावत गेले असते तर शेवटी दीड इंचाची चिंधी उरली असती, आणि तीही पुढे अर्ध्या इंचावर आलेली. तुम्ही खडूने जमिनीवरच हिशोब मांडलात: पहिली रांग सव्वाचार इंचांची कापून घे, म्हणजे शेवटचीही तेवढीच येईल आणि तिरपेपणा डोळ्यात भरणार नाही. आठ खोकी लागली. चार पट्ट्या उरल्या, त्या माळ्यावर आहेत.

एका बाबतीत मात्र मी तुमचं ऐकलं नाही. भिंतीलगतची दोन सुतांची फट तुम्हाला बघवत नव्हती, पांढऱ्या सिमेंटने भरायला निघाला होतात. उन्हात व्हिनाइल वाढतं, त्याला सरकायला जागा लागते, हे पटवायला मला अर्धा तास लागला. पश्चिमेच्या खिडकीतलं चारचं ऊन दाखवलं तेव्हा तुम्ही नुसतं "बरा" म्हणालात आणि फटीत धरायला पाचरी तासून दिल्यात. वरून स्कर्टिंग आल्यावर फट दिसतच नाही, बघा येऊन.

डिसेंबरात खाली जाड पॉलिथिन अंथरून जमीन बसवली. दोन नाही, पाच दिवस लागले. दाराच्या चौकटी खालून कापताना माझा हात थरथरत होता आणि तुम्ही खुर्चीवर बसून मुद्दाम दुसरीकडे बघत होतात.

यंदा श्रावणात मागच्या भिंतीचं स्कर्टिंग काढून शेवटची पट्टी उचलली, प्लास्टिकची कडा वर करून कोब्यावर हात फिरवला. कोरडा होता. आईला दाखवलं, तर ती म्हणाली, आबांना आधी कळव. गणपतीच्या धांदलीत राहून गेलं.

तुमचा गुण्या अजून माझ्याकडेच आहे. रविवारी सकाळी घेऊन येते. आई घावणे देणार आहे बरोबर, तेव्हा न्याहारी करू नका.

तुमची,
वरच्या वाडीतली मास्तरीण
(देवगड तालुका)